जीभ सारखी, कूळ वेगळं

सह्याद्रीतलं खवले मांजर आणि दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ हे एकमेकांचे चुलतभाऊ वाटतात. प्राणिशास्त्रानंही त्यांना दीर्घ काळ एकाच घरात ठेवलं होतं. ही वाटणी पुढे कशी झाली, याची ही गोष्ट.

मळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून लोहगडाची चढण धरली, की गायमुख खिंडीत वाट फुटते. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड आणि त्याच्या पायथ्याची लोहगडवाडी. जुलै 2025मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात लोहगडही आहे. सुट्टीच्या दिवशी इथे येणाऱ्यांची नजर वर असते, दरवाजांच्या माळेवर आणि विंचूकाट्याच्या लांब सोंडेवर. वाटेकडेच्या रानात, झाडांच्या बुंध्यांशी उभ्या असलेल्या मातीच्या वारुळांकडे सहसा कुणी पाहत नाही.

वारूळ म्हटलं की आपल्याला नाग आठवतो. नागपंचमीला बायका वारुळाला दूध-लाह्या वाहतात. वारूळ बांधते मात्र वाळवी. माती आणि लाळ कालवून ती कणाकणानं भिंती उभ्या करते आणि वाळल्यावर त्या इतक्या टणक होतात की कुदळीशिवाय फुटत नाहीत. आत खोल्या, बोळ आणि हवा खेळती ठेवणाऱ्या पोकळ्या असतात. आपल्याकडची ‘ओडोन्टोटर्मिस’ ही वाळवी तर आत चक्क बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी खाण्याजोगी अळंबी हे त्याच शेतीतलं वर फुटलेलं पीक. म्हणजे वारूळ हे लाखो किडे, त्यांची अंडी आणि पिल्लं यांनी भरलेलं कोठार आहे. दाणागोटा भरपूर, पण कुलूप मजबूत आणि आत चावणारे पहारेकरी.

हे कुलूप फोडणारा एक निष्णात प्राणी सह्याद्रीत राहतो. त्याचं नाव खवले मांजर. रात्री बाहेर पडायचं, वास घेत हिंडायचं आणि पहाटेच्या आत बिळात शिरायचं, असा त्याचा दिनक्रम. त्यामुळे जन्मभर रानात गुरं चारलेल्या माणसालाही ते दोन-चारदाच दिसलेलं असतं. दिसतात त्या त्याच्या खुणा. वारुळाच्या बुडाशी ताजं उकरलेलं भोक, त्यासमोर पसरलेली ओलसर माती आणि भोकाच्या कडेला नख्यांचे लांब, खोल ओरखडे. पुऱ्या वारुळाची नासधूस केलेली नसते. हवं तेवढं खाऊन पाहुणा निघून गेलेला असतो आणि वाळवी काही दिवसांत भगदाड बुजवून टाकते.

शाळेतल्या चित्रांत आपण ‘मुंगीखाऊ’ नावाचा एक प्राणी पाहिलेला असतो. नळीसारखं लांब तोंड, झुबकेदार शेपूट, दात नाहीत. तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेत राहतो. आपल्या खवले मांजरालाही दात नाहीत, तोंड निमुळतं आहे आणि जीभ लांबलचक. मग हे दोघे एकाच कुळातले का? साधा वाटणारा हा प्रश्न प्राणिशास्त्राला दोनशे वर्षांहून अधिक काळ पुरला.

एकाच कामाची अवजारं

आधी साम्य पाहू, कारण ते खरोखर थक्क करणारं आहे.

महाकाय मुंगीखाऊ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतो आणि त्याचं वजन 30 ते 50 किलोपर्यंत जातं. त्याची जीभ सुमारे 60 सेंटिमीटर बाहेर येते आणि मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर करू शकते. एका वारुळापाशी तो जेमतेम मिनिटभर थांबतो, कारण तेवढ्यात आतले सैनिक किडे बाहेर येऊन चावू लागतात. असं करत दिवसाकाठी तो 30 हजारांपर्यंत मुंग्या आणि वाळवी फस्त करतो.

खवले मांजर आकारानं बरंच लहान आहे. डोकं आणि धड मिळून साधारण अर्धा ते पाऊण मीटर, आणि वर जाडजूड शेपूट. पण जिभेची बांधणी पाहिली तर मुंगीखाऊची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपली जीभ घशाशी, कंठास्थीजवळ रुजलेली असते. खवले मांजराच्या जिभेचे स्नायू घशात थांबत नाहीत. ते छातीच्या पोकळीतून खाली उतरतात आणि उरोस्थीच्या शेवटच्या टोकाला जाऊन चिकटतात. ते टोकही या कामासाठी लांबून पोटाच्या भागात गेलेलं असतं. जीभ मिटली की छातीतल्या एका म्यानात जाऊन बसते. मुंगीखाऊची जीभही उरोस्थीलाच बांधलेली आहे.

बाकीचीही यादी जुळते. दोघांच्या लाळग्रंथी मोठ्या आणि लाळ चिकट. पुढच्या पायांना वाकड्या, दणकट नख्या, ज्यांना इजा होऊ नये म्हणून चालताना दोघेही पंजा आत दुमडून घेतात. जबडा काडीसारखा बारीक, कारण चावायचं काही नाही. चावण्याचं काम जठर करतं. खवले मांजराच्या जठराच्या एका भागाची आतली बाजू खरखरीत आणि काटेरी असते आणि किड्यांबरोबर गिळलेले बारीक खडे तिथे जात्याचं काम करतात. दोघांच्याही शरीराचं तापमान बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतं. मुंग्यांच्या अंगात ऊर्जा ती किती असणार? त्यावर जगायचं तर शरीराची भट्टी मंदच ठेवावी लागते.

इतकं सारखं असल्यावर नातं नसेल असं कुणाला वाटेल?

लिनीअसचा माळा

सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस. त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची 1758ची दहावी आवृत्ती हा प्राण्यांच्या वर्गीकरणाचा अधिकृत आरंभ मानतात. त्यात सस्तन प्राण्यांचा एक गण आहे, ‘ब्रुटा’. या गणात त्यानं पाच प्रकारचे प्राणी ठेवले. हत्ती, समुद्रगाय, स्लॉथ, मुंगीखाऊ आणि खवले मांजर. खूण कोणती, तर तोंडात पुढचे दात नसणं. घरात कुठेच न मावणाऱ्या वस्तू जशा माळ्यावर जातात, तसे हे प्राणी एकत्र आले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञांनी हत्ती आणि समुद्रगाय यांना बाहेर काढलं, चिलखतवाल्या आर्मडिलोला आत घेतलं आणि उरलेल्यांचा ‘इडेंटाटा’, म्हणजे दंतहीन प्राण्यांचा गट केला. यातल्या आर्मडिलोच्या तोंडात चांगले दात असतात. महाकाय आर्मडिलोला तर 80 ते 100 दात असतात, जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत इतके क्वचितच कुणाला असतील. तरी गट टिकला. अमेरिकेतले मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्मडिलो आणि जुन्या जगातली खवले मांजरं अशी ही मोट एकोणिसावं शतक बहुतांशी सरेपर्यंत बांधलेली राहिली.

त्या काळात मुंग्या खाणारा कुठलाही नवा प्राणी सापडला, की त्याला मुंगीखाऊच्या खात्यात टाकायची रीतच पडली होती. 1766 साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पल्लास यानं दक्षिण आफ्रिकेतल्या आर्डव्हार्कचं वर्णन केलं आणि त्याला मुंगीखाऊच्याच ‘मिर्मेकोफागा’ या प्रजातीत घातलं. 1792मध्ये ब्रिटिश म्युझियमशी संबंधित जॉर्ज शॉ याच्यासमोर ऑस्ट्रेलियातून आलेला काटेरी एकिडना आला. लांब नाक, चिकट जीभ, दात नाहीत. त्यानंही तेच नाव पुढे चालवलं, ‘मिर्मेकोफागा अॅक्युलेटा’. हा प्राणी अंडी घालतो, हे तेव्हा त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

याच शॉनं एक वर्ष आधी, 1791मध्ये, आपल्या अस्वलाचं नाव ठेवलं होतं. आपलं अस्वल म्हणजे विदर्भाच्या जंगलांत मोहाच्या दिवसांत माणसांची गाठ पडते ते काळं, झिपरं अस्वल. वाळवी हे त्याचंही आवडतं खाणं. ते वारूळ फोडतं, फुंकर मारून धूळ उडवतं आणि मग किडे तोंडात ओढून घेतं. हे ओढणं सोपं जावं म्हणून त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दातच नसतात, तिथे फट असते. नाकपुड्याही त्याला मिटून घेता येतात. लांब नख्या आणि दातांमधली फट पाहून शॉनं त्याला स्लॉथ ठरवलं आणि स्लॉथच्या ‘ब्रॅडिपस’ प्रजातीत बसवलं. हे अस्वल आहे, स्लॉथ नाही, हे लवकरच ध्यानात आलं. पण त्याच्या इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ आजही चिकटून आहे.

या लोकांना हसण्यासारखं काही नाही. त्यांच्या हाती बहुधा वाळलेलं कातडं आणि एखादी कवटी एवढाच ऐवज असे. त्यांनी जे ठळक दिसलं त्यावर विसंबून निर्णय घेतला, आणि ठळक दिसत होतं ते खाण्याचं अवजार.

मनगटातलं हाड

चार्ल्स डार्विननं 1859च्या आपल्या ग्रंथात वर्गीकरणाबद्दल एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. प्राण्याच्या विशिष्ट सवयीशी एखाद्या अवयवाचा संबंध जितका कमी, तितका तो अवयव नातं ठरवायला अधिक उपयोगी. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यात तथ्य आहे. कामाचा अवयव कामाप्रमाणे बदलतो. ज्याच्यावर कसलीच सक्ती नाही तो भाग मात्र पूर्वजांकडून आला तसा पुढे चालत राहतो. नातं शोधायचं तर जीभ आणि नख्या सोडून आडबाजूला पाहायला हवं.

ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम हेन्री फ्लॉवर यानं 1882मध्ये नेमकं हेच केलं. सगळ्या दंतहीनांची शरीरं ताडून पाहून त्यानं सांगितलं की अमेरिकेतले मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्मडिलो हे दिसायला एकमेकांपासून कितीही वेगळे असले, तरी ते एकाच घरातले आहेत. खवले मांजर आणि आर्डव्हार्क यांचा त्या घराशी जवळचा संबंध नाही. मुंगीखाऊ मंडळींची खूण पाठीच्या कण्यात आहे. त्यांच्या कंबरेकडच्या मणक्यांमध्ये नेहमीच्या सांध्यांखेरीज जादा सांधे असतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्यात ते नाहीत. याच खुणेवरून अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड कोप यानं 1889मध्ये या गटाला ‘झेनार्थ्रा’ हे नाव दिलं. खवले मांजराच्या कण्यात असे सांधे नाहीत. 1904मध्ये माक्स वेबर यानं त्याच्यासाठी ‘फोलिडोटा’ हा स्वतंत्र गण मांडला.

मग खवले मांजराचे नातलग कोण? त्याचीही खूण आत दडलेली होती. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत तो मऊ असतो. खवले मांजरात तो हाडाचा बनलेला असतो, आणि तसाच तो मांजर, कुत्रा, अस्वल या मांसाहारी गणातही असतो. मनगटातली दोन छोटी हाडंही या दोन्ही गटांत जोडली जाऊन एक झालेली आहेत. वारूळ उकरण्याशी मेंदूमधल्या पडद्याचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

तरीही वाद मिटला नाही. 1980च्या दशकातही काही जाणकार शरीररचनातज्ज्ञ खवले मांजराला मुंगीखाऊच्या जवळ ठेवत होते. निकाल लागला तो जनुकांच्या अभ्यासातून. फेब्रुवारी 2001मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांचे शोधनिबंध एकाच वेळी आले. वार असलेल्या सगळ्या सस्तन प्राण्यांची त्यांनी चार मोठ्या शाखांत मांडणी केली. मुंगीखाऊ ‘झेनार्थ्रा’ या एका शाखेत. खवले मांजर दुसऱ्याच शाखेत, मांसाहारी गणाला लागून. आर्डव्हार्क तिसऱ्या शाखेत, ‘आफ्रोथेरिया’मध्ये, आणि त्याच्या सोबतीला हत्ती आणि समुद्रगाय. खवले मांजर आणि मांसाहारी गण यांची वाट वेगळी झाली ती सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी. मुंगीखाऊशी असलेलं नातं त्याहूनही जुनं, म्हणजे अगदी लांबचं. लोहगडवाडीच्या रानात फिरणारं खवले मांजर हे अमेरिकेतल्या मुंगीखाऊपेक्षा वाडीतल्या कुत्र्याला अधिक जवळचं आहे.

मुंगीखाऊंचं घर

अमेरिकेतल्या त्या घराचीही ओळख करून घेऊ. झेनार्थ्रामध्ये दोन गण येतात. एकात चिलखतवाले आर्मडिलो आणि दुसऱ्यात, ‘पायलोसा’मध्ये, स्लॉथ आणि मुंगीखाऊ. झाडाला उलटं लटकून पानं चावणारा आळशी स्लॉथ हा मुंगीखाऊचा सर्वांत जवळचा नातलग आहे. खाणं, चालणं, तोंडवळा यांत दोघांचं काहीही जुळत नाही, जुळतो तो पाठीचा कणा.

मुंगीखाऊंची कुळं दोन. ‘मिर्मेकोफागिडी’ कुळात महाकाय मुंगीखाऊ आणि त्याच्या निम्म्याहून कमी आकाराचे, झाडावर आणि जमिनीवर सारख्याच सहजतेनं वावरणारे दोन तामंडुआ. ‘सायक्लोपेडिडी’ कुळात हाताच्या पंजात मावेल एवढा रेशमी मुंगीखाऊ, जो जन्म बहुतेक झाडावरच काढतो. याची एकच जाती आहे असं फार काळ मानत. 2018मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी संग्रहालयांतले नमुने आणि जनुकं तपासून त्याच्या सात जाती असल्याचं मांडलं. लिनीअसनं नाव दिलेल्या प्राण्याची मोजदाद अशी अजूनही चालूच आहे.

चिलखताच्या बाबतीतही वरवरचं साम्य फसवं ठरतं. आर्मडिलो आणि खवले मांजर दोघेही चिलखत घालून हिंडतात, पण आर्मडिलोच्या चिलखतात कातडीत तयार झालेल्या हाडांच्या तकट्या असतात, तर खवले मांजराचे खवले केराटिनचे. आपली नखं, केस, गाईची शिंगं ज्या द्रव्याची बनतात तेच हे द्रव्य. अंगभर असे खवले असलेला सस्तन प्राणी जगात हा एवढाच.

मोडक्या जनुकांची साक्ष

गेल्या काही वर्षांतलं काम याहून बारकाईचं आहे. दातांवर इनॅमलचा थर चढवण्यासाठी शरीराला काही जनुकं लागतात. दात गेले की त्या जनुकांची गरज संपते आणि त्यांत चुका साचू लागतात. मोडकी जनुकं पिढ्यानपिढ्या तशीच वाहून नेली जातात. 2009मध्ये संशोधकांनी बिनदातांच्या आणि बिनइनॅमलच्या प्राण्यांतलं ‘एनॅम’ नावाचं जनुक तपासलं. मुंगीखाऊ आणि खवले मांजर या दोघांतही ते मोडलेलं निघालं, पण मोडतोडीच्या जागा वेगळ्या. एकाच पूर्वजानं दात गमावले असते, तर दोघांकडे तीच तुटफूट सापडली असती. याचा अर्थ दोघांनी आपापल्या घरी, स्वतंत्रपणे दात गमावले.

दुसरा पुरावा पचनातला. किड्यांचं कवच कायटिन नावाच्या द्रव्याचं असतं आणि ते पचवायला कायटिनेज विकर लागतं. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सस्तन प्राण्यांच्या फार जुन्या, किडे खाणाऱ्या पूर्वजांकडे या विकराची पाच जनुकं होती. पुढे ज्यांनी किडे खाणं सोडलं त्यांच्याकडची जनुकं एकेक करून निकामी झाली. माणसाकडे आज त्यातलं एकच चालू स्थितीत आहे. मुंगीखाऊकडे अनेक शाबूत आहेत. खवले मांजर मात्र पोटभर वाळवी खाऊनही या बाबतीत माणसाच्याच पंक्तीला बसतं, त्याच्याकडे एकच जनुक उरलं आहे.

याचा अर्थ लावला तर असा लागतो. खवले मांजराच्या मधल्या पूर्वजांनी किडे सोडून दुसरं काही, बहुधा मांस, खायला सुरुवात केली. जनुकं गमावली. नंतर वंश पुन्हा मुंग्या-वाळवीकडे वळला, पण गेलेली जनुकं परत येत नाहीत. मग त्यानं उरलेल्या एकाच जनुकाकडून भरमसाट काम करवून घेतलं. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की खवले मांजर आपल्या पचनाच्या अवयवांत हे एकच जनुक जोरात राबवतं. मुंगीखाऊची तऱ्हा निराळी, तो लाळेतच ही विकरं सोडतो. दोघांचं ताट एक, पण ते पचवायची रीत वेगळी, कारण मागचा इतिहास वेगळा.

जर्मनीतला चकवा

जीवाश्मांनीही शास्त्रज्ञांना एकदा चांगलंच चकवलं. जर्मनीतल्या मेसेल इथल्या खाणीत सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे प्राणी अप्रतिम स्थितीत सापडतात. तिथे ‘इओमॅनिस’ हे आद्य खवले मांजर मिळालं. 1981मध्ये त्याच खाणीतल्या दुसऱ्या एका सांगाड्याचं वर्णन झालं आणि त्याला ‘युरोटामंडुआ’ असं नाव मिळालं. बिनदातांचं लांब तोंड, भक्कम पुढचे पाय. हा युरोपातला मुंगीखाऊ असं जाहीर झालं आणि खळबळ उडाली, कारण तेव्हा दक्षिण अमेरिका उत्तरेकडच्या खंडांपासून समुद्रानं तुटलेली होती. मुंगीखाऊ तिथून युरोपात पोहोचला कसा? पुढे सांगाडा पुन्हा तपासला गेला. कण्यातले ते जादा सांधे त्यात नव्हते. आज बहुतेक तज्ज्ञ त्याला खवले मांजराच्या वंशाजवळ ठेवतात. अवजार पाहून फसण्याची जुनी सवय विसाव्या शतकातही सुटली नव्हती.

पण सारखे झालेच कसे?

याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. नातं नसलेले जीव एकच काम करू लागले, की निसर्गनिवडीतून त्यांची घडण हळूहळू सारखी होत जाते. शार्क आणि डॉल्फिन यांचा आकार असाच जुळला. मुंग्या-वाळवीच्या बाबतीत तर हे पुन्हा पुन्हा घडलं. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं असा हिशेब मांडला आहे की डायनोसॉर संपल्यापासूनच्या साडेसहा कोटी वर्षांत सस्तन प्राण्यांमध्ये मुंग्या-वाळवीवर जगणारे वंश किमान 12 वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले. एकिडना, शिशुधान गटातला ऑस्ट्रेलियाचा नंबॅट, आर्डव्हार्क, खवले मांजर, मुंगीखाऊ हे त्यांतले काही.

कारण उघड आहे. मुंग्यांची आजची संख्या 2022च्या एका अंदाजानुसार 20 हजार लाख कोटींच्या घरात जाते. सगळे रानटी पक्षी आणि सगळे रानटी सस्तन प्राणी एका पारड्यात टाकले तरी मुंग्यांमधल्या कार्बनचं पारडं जड ठरतं. वाळवी त्यावर वेगळी. एवढं अन्न बाराही महिने एका जागी साठलेलं असताना ते सोडेल कोण? पण ते मिळवायच्या वाटा मोजक्याच. भिंत फोडायला नख्या हव्यात, बोळात शिरायला जीभ हवी आणि चावे सोसायला जाड कातडी किंवा खवले हवेत. म्हणून वेगवेगळ्या खंडांतले, वेगवेगळ्या कुळांतले प्राणी त्याच त्या उत्तरापाशी येऊन पोहोचले. स्वतःला वाचवण्याच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. महाकाय मुंगीखाऊ मागच्या पायांवर उभा राहून नख्या परजतो. खवले मांजर शेपटीत तोंड लपवून अंगाचा चेंडू करतं. बिबट्याला तो उलगडता येत नाही.

माणसाला मात्र तो उलगडण्याची गरजच पडत नाही. चेंडू झालेला प्राणी उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. लाखो वर्षं वाघ-बिबट्यांपुढे पुरून उरलेला हा बचाव माणसापुढे त्याच्याच जिवावर उठला आहे.

नात्याचा हिशेब का ठेवायचा?

मुंगीखाऊ आणि खवले मांजर वेगळ्या घरांतले ठरल्यानं एक गोष्ट स्पष्ट झाली. फोलिडोटा या गणात आज एकच कुळ आहे आणि त्यात सर्वसाधारणपणे मान्य झालेल्या जाती फक्त आठ. चार आशियात, चार आफ्रिकेत. आठही धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहेत. आपलं भारतीय खवले मांजर, ‘मॅनिस क्रॅसिकॉडाटा’, त्यात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेलं आहे. खवले मांजरं गेली तर त्यांची जागा घेणारा दुसरा कोणी भाऊबंद शिल्लक नाही. 8 कोटी वर्षांची एक अख्खी फांदीच गेली. शिवाय मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. ते आईच्या शेपटीवर बसून हिंडतं. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची तूट लवकर भरून निघत नाही.

त्याच्या जिवावर उठलेत ते खवले. चीन आणि व्हिएतनाममधल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात त्यांना मागणी आहे. आपल्याकडेही जादूटोणा आणि गुप्तधनाच्या भाकडकथा त्यात भर घालतात. खवला म्हणजे केराटिन, नखाच्या कापलेल्या तुकड्याइतकाच औषधी. चीननंही 2020मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशातून खवले वगळले. त्याआधी 2016मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणजे वाघाइतकंच कायदेशीर संरक्षण. शिकार किंवा विक्री केली तर 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते.

कायद्यापलीकडचं काम कोकणात झालं आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजराचा अभ्यास आणि गावोगाव जागृती हाती घेतली. 2020मध्ये डुगवे गावच्या लोकांनी ‘खवलोत्सव’ केला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत ठेवून पूजली आणि गावात शिकार होऊ देणार नाही असं ठरवलं. शिमग्याची पालखी ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे पटवून सांगायला वेगळ्या भाषणाची गरज लागली नाही.

मावळातल्या गडांच्या पायथ्याशी हे करणं अवघड नाही. लोहगडवाडी, भाजे, पाटणच्या परिसरात येणाऱ्या ट्रेकर मंडळींनी एवढं पाळावं. गंमत म्हणून वारूळ लाथाडू नका. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला ठिणगी लागणार नाही याची काळजी घ्या, कारण वणवा लागला की मंद चालीचा हा प्राणी फार लांब पळू शकत नाही. रात्रीच्या मुक्कामात खवले मांजर दिसलंच तर लांबून पाहा, त्याला हात लावू नका, चेंडू झाला म्हणून उचलून फोटो काढू नका. फोटो असेल तर तो समाजमाध्यमांवर ठिकाणासह टाकू नका, शिकारी तीच माहिती शोधत असतात. प्राणी जखमी असेल किंवा कुणी विकायला काढल्याचं कानावर आलं, तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच कळवा.